कानात हेडसेट, बोर्डावर दिवा

८ सप्टेंबर २०२४, रविवार. रात्रीचे साडेअकरा.

दीड दिवसाचे बाप्पा गेले. रिकामं मखर बघवत नाही. पाटावर चार अक्षता आणि दूर्वांची एक सुकलेली जुडी, एवढंच उरलंय. दुपारी ऋषीची भाजी झाली. अळू खाजरं निघालं, हे तीनदा बोलून दाखवलं यांनी. चिंच मीच कमी घातली होती, पण ते कबूल करायची गरज नाही.

संध्याकाळी कृत्रिम तलावावरून रिक्षाने परत येताना भाची म्हणाली, "मावशी, आज स्टार ट्रेकचा वाढदिवस. ५८ वर्षं." अंतराळयानावरच्या या टीव्ही मालिकेचा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत लागला होता. म्हणजे मी आणि ती मालिका एका वयाच्या, तीन महिन्यांनी मोठी मीच. मग ती तिच्या ग्रुपमधल्या गमती सांगत सुटली. कुठला कॅप्टन भारी यावरून हे लोक रात्र रात्र भांडतात. मग उहुराचा, म्हणजे यानावरचे संदेश सांभाळणाऱ्या बाईचा, विषय निघाला आणि हसत हसत म्हणाली, "एक जण तर म्हणतो, उहुराला काय काम असतं? अंतराळातली टेलिफोन ऑपरेटर नुसती!"

आणि जीभ चावली तिने.

मी काहीच म्हटलं नाही. रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं. पण आता सगळे झोपलेत आणि मला झोप येत नाही, म्हणून वही काढली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं. इंग्रजीत, खाली अक्षरं वगैरे काही नाही. आमच्या चाळीत टीव्ही शेजारच्या काकूंकडे, ब्लॅक अँड व्हाइट. पुढे आम्ही पोरं आणि मागे दारात अण्णा, अंघोळ करून, खांद्यावर पंचा. रेल्वेतले कारकून असल्यामुळे इंग्रजी कळण्याचा मान त्यांचा. ते भाषांतर करायचे, पण एक वाक्य मागे राहून. त्यामुळे तिकडे यान हादरत असायचं आणि इकडे आम्हाला आधीची बोलणी कळत असायची. टोकदार कानांच्या, परग्रहावरच्या स्पॉकला ते 'कानवाला' म्हणत. पोरांना सगळ्यांत कौतुक आपोआप सरकणाऱ्या दारांचं. आमचं दार पावसाळ्यात फुगायचं, ते उघडायला खांदा लावावा लागे.

मी बघायचे ती उहुराला. तिचा गणवेश लाल असतो, हे फार उशिरा कळलं. आमच्याकडे ती करडीच होती. कॅप्टनच्या मागे एका बाजूला तिची जागा. कानात एक चकचकीत नळकांडं, त्यावर बोटं टेकवलेली, नजर कुठेच नाही. ऐकणाऱ्या माणसाची नजर अशीच असते. मग ती वळून सांगायची, "हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन, सर." अण्णांनी त्याचं भाषांतर केलं होतं, "लाइन लागली, बोला साहेब."

१९८६ ला मी ऑपरेटर म्हणून लागले, ट्रंक एक्स्चेंजला. नव्या पोरांना ट्रंक कॉल म्हणजे काय हेच सांगावं लागतं. बाहेरगावी बोलायचं तर आधी कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग. नंबरावर की पीपी, म्हणजे ठरावीक माणसालाच बोलावून. आम्ही तिकीट लिहायचो, बोर्डावर दिवा लागला की कॉर्ड उचलून जॅकमध्ये खुपसायची, पलीकडच्या गावातल्या आमच्यासारख्याच बाईला हाक मारायची. तीन मिनिटं झाली की मधे शिरून सांगायचं, "थ्री मिनिट्स ओव्हर." लोकांची भांडणं, मयतीचे निरोप, लग्नाची बोलणी, सगळं आमच्या कानांवरून गेलंय. ऐकायचं नाही असा नियम होता. कान काही नियम वाचत नाहीत.

बघायला आलेल्या मंडळींत एक मामा होते. "मुलगी टेलिफोनमध्ये आहे म्हणे. म्हणजे नंबरच जोडते ना?" पोहे खाता खाता विचारलं त्यांनी. ते स्थळ जमलं नाही याचं अण्णांना वाईट वाटलं, मला नाही. पण ते 'च' बरीच वर्षं टोचत राहिलं.

म्हणून निशेल निकोल्सची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दोनदा वाचली. उहुराचं काम करणारी ती. मुळात गाणारी बाई, जॅझवाल्या ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्याबरोबर गायलेली. पहिलं वर्ष संपल्यावर तिने मालिका सोडायची ठरवली. भाग सुरू होताना तिला बरीच वाक्यं असायची, शेवटी कापून कापून उरायचं ते हेलिंग फ्रिक्वेन्सीज. निर्मात्याला, जीन रॉडनबेरीला, तिने सांगूनही टाकलं. त्याच शनिवार-रविवारी एका कार्यक्रमात कुणी तरी तिला सांगितलं, तुमचा एक चाहता भेटायला आलाय. वळून बघते तर काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग. घरी मुलांना जागून बघू देतो अशी ही एकच मालिका, असं ते म्हणाले. सोडतेय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. तुम्हाला सोडता यायचं नाही, तुमच्या जागी ते कुणालाही बसवतील, पण आम्ही जसे दिसायला हवेत तसे पहिल्यांदा दिसतोय, अशा अर्थाचं काहीसं बोलले. सोमवारी तिने राजीनामा मागे घेतला. हे ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली.

यात मला एक गोष्ट लागते. किंग तिला "भूमिका मोठी करून मागा" असं नाही म्हणाले. त्या खुर्चीवर बसून राहा म्हणाले. अमेरिकेत काळी बाई पडद्यावर आली की हातात ट्रे किंवा झाडू असायचा. ही कानात यंत्र लावून यानाच्या मुख्य कक्षात बसलेली, आणि तिने सांगितल्याशिवाय कॅप्टनला कुणाशी बोलता येत नाही. पुढे नटी झालेली व्हूपी गोल्डबर्ग तेव्हा लहान मुलगी होती. टीव्हीवर काळी बाई आहे आणि ती मोलकरीण नाही, असं ओरडत ती आईकडे धावली होती.

नंतर १९७७ मध्ये नासाने अंतराळवीरांच्या भरतीच्या प्रचाराला निकोल्सलाच घेतलं. बायकांनी आणि काळ्यांनी अर्ज करावेत म्हणून ती गावोगाव हिंडली. १९७८ च्या तुकडीतल्या ३५ जणांत ६ बायका होत्या. अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन बाई सॅली राइड त्यांतलीच.

भाचीला मी आज जे सांगितलं नाही ते इथे लिहून ठेवते. १९८७ चा जुलै, रात्रपाळी. पाऊस असा की बाहेरचा दिवा दिसत नव्हता. एक माणूस इस्पितळातून लाइटनिंग कॉल मागत होता, चिपळूणला. बायको अडलेली, तिच्या भावाला निघायला सांगायचं होतं. चिपळूणची लाइन मेलेली. मी पुण्याला धरलं. पुण्याच्या बाईने कऱ्हाडला हाक मारली, कऱ्हाड झोपलेलं होतं बहुतेक, सहा-सात वेळा ओरडावं लागलं. मग कऱ्हाडने चिपळूण लावून दिलं. चार बायका, चार बोर्ड, आणि मधे इतकी खरखर की त्या भावाचा आवाज भांड्यात बोलल्यासारखा येत होता. मी त्या माणसाला लाइन दिली आणि माझ्या तोंडून निघालं, "हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन, सर." तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "बोला, चिपळूण आहे."

पाळीवर देखरेख करणाऱ्या मॉनिटर बाईंनी ऐकलं होतं. वही सरकवत म्हणाल्या, "तिकिटावर वेळ टाक आधी."

पुढे काय झालं त्या बाळंतिणीचं, मला माहीत नाही. आमच्या कामात शेवट कधी कळायचाच नाही.

शिकागोत लहानपणी उहुराला बघणारी मे जेमिसन डॉक्टर झाली, मग सप्टेंबर १९९२ मध्ये एंडेव्हर यानातून अंतराळात गेली; तिकडे जाणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन बाई. आपली पाळी सुरू करताना ती ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाला सांगायची, "हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन." हे मी कित्येक वर्षांनी वाचलं. हातातला चहा गार झाला. तिची आणि माझी काय बरोबरी, पण 'पाळी सुरू करताना' हे शब्द वाचून हसू आलं. तीसुद्धा पाळीवरच होती.

मालिकेचं सगळंच गोड मानायला मी काही चाहत्यांच्या सभेत जात नाही. बायकांचे ते आखूड झगे! आणि तिसऱ्या वर्षाचे काही भाग तर निव्वळ टाइमपास. गंमत म्हणजे ते तिसरं वर्ष मिळालं चाहत्यांनी टपालाच्या गोण्या भरभरून पत्रं पाठवली म्हणून. शेवटी १ मार्च १९६८ ला वाहिनीला पडद्यावरून सांगावं लागलं, मालिका चालू राहणार आहे. त्या चाहत्यांना माझा सलाम आहेच. पत्रांची ताकद मी टेलिफोन खात्यात राहूनही ओळखते. तरी ७९ भागांवर १९६९ च्या जूनमध्ये मालिका बंद झालीच, आणि सात आठवड्यांनी माणूस चंद्रावर उतरला. थोडं थांबले असते तर!

यंत्र दुरुस्त करणाऱ्या स्कॉटीचं, म्हणजे जेम्स डूहनचं, मात्र मला फार वाटतं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गोळ्या लागून त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेलेलं. कॅमेऱ्यापुढे तो हात लपवायचा. त्याला एका मुलीचं पत्र आलं, जीव देते म्हणून. त्याने तिला फोन लावला. अमुक गावी माझा कार्यक्रम आहे, तू ये. मग पुढच्याला ये. असं किती तरी वेळा बोलावलं. मग ती दिसेनाशी झाली. काही वर्षांनी तिचं पत्र आलं, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी मिळाली. हे सांगताना म्हाताऱ्याचे डोळे भरून यायचे. त्याला निदान शेवट कळला.

निकोल्स २०२२ च्या जुलैमध्ये गेली, ८९ व्या वर्षी. जानेवारी २०२४ मध्ये तिच्या अस्थींचा अंश एका रॉकेटने सूर्याभोवतीच्या कक्षेत गेला. सोबत डूहन आणि रॉडनबेरी यांच्याही. रॉकेटचं नाव व्हल्कन, स्पॉकच्या ग्रहाचं. योगायोग असतात.

मघाशी जेवण झाल्यावर भाची स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "सॉरी, मावशी," म्हणाली. मग मोबाइलवर एक तुकडा दाखवला. संदेशयंत्रणा जळलेली आहे, उहुरा पॅनेल उघडून हातात अवजार घेऊन स्वतः तारा जोडतेय, आणि स्पॉक तिला सांगतो की या कामाला तुमच्याहून लायक माणूस मला सुचत नाही. कानवाल्याने स्तुती केली म्हणजे झालंच. आम्ही तो तुकडा चारदा बघितला. बोर्डाच्या मागच्या बाजूला आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती, तिथे मेकॅनिक लागायचा. याचा मला आज नव्याने राग आला.

मग माळ्यावरून डबा काढला. एसटीडी आल्यावर लोक बाहेरगावचा नंबर स्वतःच फिरवू लागले आणि आमचे बोर्ड मोडीत निघाले, तेव्हा मॉनिटर बाईंनी एक तुटका हेडसेट माझ्या पिशवीत टाकला होता. पुढची सगळी वर्षं मी चौकशीच्या खिडकीवर आणि बिलांच्या टेबलावर काढली, २०२० च्या जानेवारीअखेर व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली, पण डबा कधी उघडला नव्हता. कानावरचा स्पंज हाताला लागताच भुगा झाला. भाचीने तो कानाला लावला, दोन बोटं टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. जमत नव्हतं तिला. ती माझ्याकडे बघत होती ना.

तो तिला पुण्याला न्यायचाय, ऑफिसच्या टेबलावर तिच्या त्या मालिकेतल्या छोट्या एंटरप्राइज यानाशेजारी ठेवायला. बघू म्हटलंय. उद्या आधी मखर उतरवायचंय, मंगळवारी समोरच्यांकडे गौरी येतायत आणि त्यांना पाट हवाय.