हळद घालू का खाद्यात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोलापुरात माझं कोंबडी-खाद्याचं दुकान आहे. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, सगळीकडचे पोल्ट्रीवाले येतात आणि पोती गाडीत चढली की विचारतात, "हळद-लसूण घातलं तर औषधाचा खर्च वाचतो का हो?"

औषधाचा नाही वाचत. खाद्याचा वाचला तर थोडा वाचतो, तोही शेड नीट असेल तर.

ही टूम व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नाही. वाढीसाठी रोज खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक घालायची पद्धत युरोपने २००६ पासून बंद केली. आपल्याकडे २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली. मग त्याच्या जागी काय घालायचं, म्हणून हळद, लसूण, आलं, मिरी, दालचिनी, ओवा या सगळ्यांचे प्रयोग झाले. कुठे वजन वाढलं, कुठे काहीच फरक पडला नाही. माल कसा होता, किती घातला, शेड किती स्वच्छ होतं, यावर सगळं अवलंबून. राणीखेत किंवा गंबोरो या विषाणूच्या रोगांना मात्र मसाल्यातलं काहीही अडवत नाही. त्यांना लसच पाहिजे. रक्ताची हगवण लागल्यावर हळद शोधत बसलात तर मरतूक मोजायची वेळ येते.

आता हिशेब. दोन किलोची कोंबडी होईपर्यंत साधारण साडेतीन किलो खाद्य खाते. किलोला पाच ग्रॅम हळद धरली तर एका पक्ष्याला साडेसतरा ग्रॅम, हजार पक्ष्यांना साडेसतरा किलो. दीडशेचा भाव धरा, सव्वीसशे रुपये झाले. खाद्य चाळीस रुपये किलो असेल तर एवढे पैसे निघायला बॅचमागे पासष्ट किलो खाद्य वाचलं पाहिजे. म्हणजे एफसीआर, किलोभर वजनाला लागलेलं खाद्य, १.७५ वरून १.७२ वर यायला हवा. ऐकायला काहीच वाटत नाही, पण पाण्याच्या गळक्या निपलने लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली पसरलेला तूस, ओलं झालं तर तेवढं एका आठवड्यात जातं. म्हणून मी आधी विचारतो, तूस कोरडा आहे का? अमोनियाने डोळे चुरचुरतात का? हे ऐकून काही जण नाराज होतात, त्यांना पुडी हवी असते.

तरी घालायचीच असेल तर सुटी, स्वस्त पूड घेऊ नका. रंगासाठी तिच्यात काय काय मिसळतात ते तुम्हाला माहीत आहे. हळकुंडं घेऊन दळून आणा. आणि हळद सरळ पोत्यात ओतू नका, एका कोपऱ्यात गठ्ठा होऊन बसते. आधी चार-पाच किलो मका भरड्यात कालवा, मग तो भरडा सगळ्या खाद्यात फिरवा. सोबत चिमूटभर मिरी असली तर बरं, कारण हळदीतलं कुरकुमिन एकटं अंगी फारसं लागत नाही. लसूण वाळवून, पूड करून. ताजा वाटून पाण्याच्या टाकीत घातलात तर निपल तुंबतील आणि आपल्या उन्हाळ्यात ते पाणी संध्याकाळपर्यंत आंबेल. हळदीने मांस पिवळं होतं ही भीती सोडा. कातडीचा पिवळेपणा मुख्यतः मक्यातून येतो.

मिरचीचं तर गमतीचं आहे. कोंबडीला तिखट लागतच नाही. आपली जीभ ज्याने भाजते ते तिच्या नसांना कळत नाही, त्यामुळे सोलापुरी माणसाला घाम फोडणारी पूड ती निवांत टिपते. पण म्हणून काही उरलेली शेंगाचटणी शेडमध्ये टाकायची नाही! तिच्यात मीठ असतं, आणि जास्त मिठाने पिल्लं पाणी पीत सुटतात, हगतात, पोटात पाणी धरून मरतात.

एप्रिल-मे महिन्यांत तर हा विषयच काढू नका. पारा चाळिशीपार गेला की पक्षी धापा टाकतो, खाणं सोडतो. जे खाल्लंच नाही त्यातल्या हळदीचा काय उपयोग? तेव्हा दुपारचं खाद्य उचला, गार पाणी, ओली गोणपाटं, पाण्याचा फवारा मारणारे फॉगर.

कंपनीशी करार करून पक्षी पाळत असाल तर तिच्या सुपरवायझरला विचारल्याशिवाय मूठभरही मिसळू नका. पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, हळद तुमच्या खिशातली. एफसीआर सुधारला तर तुमच्या ग्रोइंग चार्जमध्ये, म्हणजे पक्षी वाढवण्याच्या मोबदल्यात, किती पडतं, ते करारात आधी वाचा.