ऑक्टावियाचा ईसीयू: अखेर ५१२ केबी सलग वाचलं, अडथळा निघाला गाडीतल्या टेपच्या (म्युझिक सिस्टिमच्या) मागे

माझ्या ऑक्टावियाच्या इंजिनाचं ट्यूनिंग करायचं, तर त्याआधी तिच्या ईसीयूतली, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमधली, मूळ फाइल वाचून लॅपटॉपवर उतरवून घ्यावी लागते. ती काल रात्री पावणेअकराला पूर्ण उतरली. ५,२४,२८८ बाइट, एकही कमी नाही. इग्निशन बंद केलं, दहा मिनिटं थांबलो, दुसऱ्यांदा रीड घेतलं आणि दोन्ही फाइली बाइटला बाइट लावून ताडल्या. फरक शून्य. तरी मन भरेना म्हणून तिसऱ्यांदा घेतलं. तीही तशीच. गोडोलीतल्या आमच्या शेडवर पाऊस कोसळत होता आणि मी लॅपटॉपपुढे नुसता बसून होतो. सव्वा महिन्याचा शीण उतरला.

मागच्या वेळी हे रीड ३७ टक्क्यांवर अडकलंय आणि आता बूट मोडची, म्हणजे ईसीयू उघडून फाइल काढायची, तयारी करतोय असं लिहिलं होतं. बूट मोड रद्द. वायपरखालच्या कप्प्यातून ईसीयू काढायचा, झाकण उचकटायचं, फ्लॅश चिपची २४ नंबरची पिन पॉवर देताना रेझिस्टरमधून ग्राउंडला धरायची, हे सगळं भर पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये करायला माझं मन धजत नव्हतंच. पण ते सोडून देण्याचं कारण वेगळं आहे. तुमच्यापैकी तिघांनी 'आमचंही असंच अर्ध्यात तुटतं' असं कळवलंय, म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

लक्षण असं होतं. व्हॅग-कॉम ४०९.१ या डायग्नोसिसच्या सॉफ्टवेअरवर सगळं झकास. इंजिन उघडतं, फॉल्ट कोड वाचले जातात, ग्रुप ३, ८ आणि ११ चे (इंजिनाच्या चालू आकड्यांच्या गटांचे) लॉग तासभर चालतात, एकदाही तुटत नाही. पण फ्लॅश रीडला लावलं की कुठेतरी मान टाकायचं. ३७ टक्के, ६१, १२, पुन्हा ६१. एकदा ९४ पर्यंत गेलं आणि तुटलं, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आकडा दर वेळी वेगळा येत होता, ही खूण मी आधीच ओळखायला हवी होती. ठरावीक जागी तुटलं असतं तर चिपवर संशय घेण्यात अर्थ होता.

पहिला संशय अर्थात केबलवर. माझी जुनी केकेएल केबल (लॅपटॉपचं यूएसबी गाडीच्या के-लाइनला, म्हणजे डायग्नोसिसच्या तारेला, जोडणारी) सीएच३४० चिपची. माझा अनुभव असा की ही चिप डायग्नोसिसला चालते, पण सेकंदाला १२४८०० बिट अशा आडनिड्या वेगाला तिच्यावर भिस्त ठेवू नये. म्हणून एफटी२३२आरएलची घेतली. तिचं गणित मात्र चोख बसतं: चिपच्या आतल्या तीस लाखांच्या मूळ वेगाला २४ ने भागलं की १२५००० येतात, म्हणजे चूक जेमतेम ०.१६ टक्के. घेताना चिप अस्सल आहे ना, हे बघाच. २०१४ साली एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा पीआयडी (यूएसबीचा ओळख क्रमांक) शून्य करून टाकला होता, तेव्हा कित्येकांच्या केबली रातोरात मुक्या झाल्या होत्या. लेटन्सी टायमरही (आलेला डेटा लॅपटॉपकडे ढकलण्याआधी चिप किती थांबते तो वेळ) १६ मिलिसेकंदांवरून १ वर आणला. रीडचा वेग वाढला, पण तुटणं तसंच. आता अडीच मिनिटांऐवजी पावणेदोन मिनिटांत तुटत होतं, एवढाच फरक.

मग बॅटरी. इग्निशन चालू ठेवून अर्धा तास गेला की ती १२.१ वर यायची, म्हणून शेजारच्या पिकअपची बॅटरी जोडली. फरक नाही. लॅपटॉपचा चार्जर काढला. फरक नाही. यूएसबीची एक्स्टेन्शन वायर काढली. नाही. मग हट्टाने स्वतःची केबल बनवली. एल९६३७डी ही के-लाइनची चिप ऑनलाइन मागवली, बाकी सामान पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलं. तिथे एका दुकानदाराने ५१० ओहमचे रेझिस्टर मीटरने मोजून, एकसारखे निवडून दिले. असा माणूस भेटला की एसटीचं तिकीट वसूल होतं. केबल देखणी झाली. ४०९.१ वर पहिल्याच फटक्यात कनेक्ट झाली, पाच बॉडचा इनिट (ईसीयूला जागं करणारा संथ सिग्नल) दोन सेकंदांत आटोपला, उत्तरादाखल ५५ चा सिंक बाइट आला. रीड तुटला २८ टक्क्यांवर.

तीन वेगवेगळ्या केबली आणि दुखणं तेच, म्हणजे दुखणं केबलमध्ये नाही. इथे मी ईसीयूवर ठपका ठेवला आणि बूट मोडच्या मागे लागलो. मला थांबवलं ते राजवाड्याजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी. त्यांच्याकडून बारीक टोकाची सोल्डरिंग गन मागायला गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सिग्नल बघितलास का?"

"नाही काका. स्कोप कुठाय माझ्याकडं?"

"मग कशावरनं फोडतोयस तो डबा? रविवारी येतो मी."

काका खरंच आले, स्कूटरवर पुढे पायाशी स्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) ठेवून. ओबीडीच्या, म्हणजे डॅशखालच्या डायग्नोसिस सॉकेटच्या, ७ नंबरच्या पिनला (के-लाइनला) प्रोब, ४ नंबरला ग्राउंड. रिकामी असताना लाइन १२.४ व्होल्टवर, बरोबर. खाली येताना पाऊण व्होल्टपर्यंत, तेही बरोबर. मग रीड सुरू केला आणि पडद्यावर जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. सिग्नल खाली पडताना कड्यासारखा सरळ, पण वर चढताना टेकाडासारखा गोलाकार. पुढचा बिट आला तरी आधीचा अजून चढतोच आहे.

काकांनी समजावलं ते तुमच्यासाठीही लिहितो. के-लाइन खाली ओढायचं काम ट्रान्झिस्टर करतो, दणक्यात. वर नेणारं मात्र कोणी नाही, फक्त ५१० ओहमचा पुल-अप, म्हणजे लाइन वर ओढणारा रेझिस्टर. लाइनवर कुठे कपॅसिटन्स असेल तर तो त्या ५१० मधूनच भरावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. पडताना धारदार आणि चढताना गोल म्हणजे लाइनवर कुठेतरी कपॅसिटर लोंबकळतोय. काकांचा पुढचा प्रश्न: "या तारेवर आणखी काय काय आहे?"

मी एबीएस, एअरबॅग, डॅशबोर्डवरच्या मीटरचे फ्यूज काढायला लागलो. काका म्हणाले, "फ्यूज काढून वीज जाईल, तार तिथंच राहणार. कनेक्टर काढ." मग एकेक कनेक्टर. एबीएस काढलं, आकार तोच. मीटर काढायच्या आधी सोपं म्हणून डॅशबोर्डवरचा टेप ओढून बाहेर घेतला, पाठीमागचा काळा पॉवर कनेक्टर सोडवला आणि पडद्यावरचं टेकाड गायब. चौकोनी, खणखणीत बिट. काका काही बोलले नाहीत, नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

झालं होतं असं. या गाड्यांत कंपनीच्या रेडिओचंही डायग्नोसिस व्हायचं, म्हणून के-लाइनची एक फांदी रेडिओच्या काळ्या कनेक्टरपर्यंत येते. माझ्या गाडीत ती तिसऱ्या पिनवर आहे, करडी-पांढरी वायर. आधीच्या मालकाने अँड्रॉइड टेप बसवून घेतला तेव्हा बसवणाऱ्याने ती वायर टेपच्या रिव्हर्स सिग्नलच्या इनपुटला पिळून जोडली होती आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. त्याचा मला मनापासून राग आला. दुसऱ्याच्या गाडीत हात घालताना वायर कुठून येते हे बघायला पाच मिनिटं लागतात. टेप सुटा करून त्या इनपुटवर मल्टिमीटर लावला तर दहा नॅनोफॅरड.

आता गणित बघा. ५१० ओहम गुणिले १० नॅनोफॅरड म्हणजे ५.१ मायक्रोसेकंद. १०४०० च्या वेगाला एक बिट ९६ मायक्रोसेकंदांचा, त्यात पाच मायक्रोसेकंदांच्या गोलाईचं काहीच वाटत नाही. १२४८०० ला एक बिट आठ मायक्रोसेकंदांचा. समोरची चिप बिटच्या मधोमध, म्हणजे चौथ्या मायक्रोसेकंदाला बघते, तेव्हा लाइन जेमतेम निम्म्याच्या जरा वर चढलेली असते. आयएसओ ९१४१ प्रमाणे ७० टक्क्यांच्या वर म्हणजे एक आणि ३० च्या खाली म्हणजे शून्य. मधल्या पट्ट्यात काय वाचलं जाईल याची हमी कोणीच देत नाही. म्हणून कधी १२ टक्क्यांवर तुटायचं, कधी ९४ वर. माझ्या सॉफ्टवेअरला वेग कमी करायची सोय नाही, ते सरळ १२४८०० वरच उडी मारतं. नाहीतर हे दुखणं कधी कळलंच नसतं.

तेव्हा ४०९.१ वर लॉग तासन्‌तास चालतो, म्हणून के-लाइन ठीक आहे, असं धरून चालू नका. तिघांनीही आधी टेप बाहेर काढा. स्कोप नसला तरी चालेल, तिसऱ्या पिनची वायर सोडवून रीड घ्या.

मी ती वायर कापून टोकाला हीट श्रिंक लावलं आणि टेप परत बसवला. तो व्यवस्थित चालतो. रिव्हर्स कॅमेरा गाडीला नाहीच, त्यामुळे त्या इनपुटला आता काहीच जोडलेलं नाही.

फाइलबद्दल थोडक्यात. ईडीसीसूट या सॉफ्टवेअरने बरेच मॅप, म्हणजे ईसीयू ज्यावरून डिझेल वगैरे ठरवतो ते तक्ते, ओळखले. अपेक्षेप्रमाणे तेच मॅप फाइलमध्ये दोन ठिकाणी दिसतायत, तेव्हा आपली गाडी कोणता ब्लॉक वापरते हे नक्की झाल्याशिवाय एका आकड्यालाही हात लावणार नाही. मूळ फाइलच्या प्रती लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि भाच्याच्या कॉम्प्युटरवर ठेवल्यात. ड्रायव्हर विश (पॅडलची मागणी) आणि टॉर्क लिमिटर थोडे उचलायचे, स्मोक लिमिटर (धुराची मर्यादा) तसाच ठेवायचा, चेकसम (फाइल ताडायची बेरीज) दुरुस्त करायचा आणि दसऱ्याच्या आत पहिलं राइट, म्हणजे बदललेली फाइल ईसीयूत परत घालायची, असा बेत होता.

होता म्हणतोय, कारण हे लिहिताना तुलनेसाठी मागच्या महिन्यातले लॉग उघडले आणि एक गोष्ट डोळ्यांत खुपली. आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यात तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण पॅडलला घेतलेला लॉग. भाचा शेजारी बसून लॅपटॉप सांभाळत होता. ग्रुप ८ मध्ये तीन आकडे असतात: ड्रायव्हरची मागणी, टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा. त्यातला सर्वांत लहान जिंकतो. माझ्या लॉगमध्ये जवळजवळ सगळीकडे धुराची मर्यादाच जिंकतेय. मी टॉर्क लिमिटर कितीही उचलला असता तरी इंजिनाला एक थेंबही जास्त डिझेल मिळालं नसतं.

मग ग्रुप ३ बघितला. ३००० आरपीएमला एका सिलिंडरमागे हवा ६२० मिलिग्रॅमच्या आसपास. ग्रुप ११ मध्ये मात्र बूस्ट (टर्बोचा दाब) मागणीइतकंच, १९०० मिलिबारच्या जवळ. हे जुळत नाही. १८९६ सीसीचा चौथा हिस्सा ४७४ सीसी, १९०० मिलिबार, हवा साठेक अंश गरम धरली तर भरलेल्या सिलिंडरचा हिशोब नऊशेच्या वर जातो. भरण्यातली तूट काढली तरी आठशे यायलाच हवेत. म्हणजे हवा आत जातेय, पण मास एअर फ्लो सेन्सर ती कमी मोजतोय. ईसीयू बिचारा त्या खोट्या आकड्यावर धूर होऊ नये म्हणून डिझेल आवरतोय. गेली दोन वर्षं यवतेश्वरच्या चढाला गाडी जी दमते, तिचं कारण बहुधा हेच. मी तिला ट्यूनची गरज आहे असं समजत होतो.

त्यामुळे बेत बदलला. आधी सेन्सर. कराडच्या मित्राकडे त्याच पार्ट नंबरचा चालू सेन्सर आहे, तो शनिवारी दोन तासांसाठी लावून तोच पट्टा, तोच गिअर, तोच लॉग घेणार. आकडा आठशेच्या वर गेला तर नवा अस्सल घ्यायचा. स्वस्तातला घेणार नाही, या सेन्सरच्या बाबतीत एकदा पैसे वाया घालवलेत. मग कंपनीच्या मूळ फाइलवरच महिनाभर चालवून बघायची. पठारावर फुलं सुरू झालीत आणि शनिवार-रविवारी कासचा रस्ता तुडुंब भरतो, म्हणून घाटातला लॉग मधल्या वारी पहाटे सहाच्या आत.

अजून एक सुचलं. ओबीडीचा मेल आणि फीमेल कनेक्टर एका डबीत बसवून मध्ये पिन ७ साठी स्कोपचं टोक आणि एक छोटा स्विच काढायचा. दर वेळी डॅशखाली वाकून प्रोब धरायला नको. कनेक्टर पडून आहेत, डबी काकांनी द्यायचं कबूल केलंय. झाली की मापं देतो.

ऑक्टाविया १.९ टीडीआयची न छेडलेली मूळ फाइल कोणाकडे असेल आणि ईसीयूवरच्या लेबलचा नंबर माहीत असेल तर जरूर कळवा. दोन्ही ब्लॉक शेजारी शेजारी ठेवून ताडायचे आहेत.