शेवटी काय ऐकू आलं?

दर जूनमध्ये कुणीतरी मला व्हॉट्सअ‍ॅपवर तीच ती वर्कशीट पाठवतं. घराचं चित्र, खाली घ, र, म ही अक्षरं आणि सूचना : 'शेवटच्या आवाजाला गोल करा.' मूळ इंग्रजी, तिथे मांजर होतं. चित्र बदलून मराठी केलेली. मूल र ला गोल करतं, आई फोटो काढून ग्रुपवर टाकते, सगळे अंगठे दाखवतात. त्या मुलानं काही ऐकलेलं असतंच असं नाही. 'घर' हा शब्द त्यानं भिंतीवरच्या तक्त्यात शंभरदा पाहिलाय, त्यामुळे डोळ्यांनीच काम उरकलं.

मी मिरजेत मोठ्या गटाला शिकवते. पाच-सव्वापाच वर्षांची मुलं. अक्षरं दिवाळीनंतर सुरू करायची आणि तोवर कान तयार करायचे, असा माझा हट्ट असतो. दर वर्षी दोन-चार पालक त्यावरून कुरकुरतात, मग पहिल्या सत्राच्या शेवटी गप्प होतात. एखादे होत नाहीत, ते असो.

कानाचं काम करताना शब्दाची सुरुवात मुलांना लवकर सापडते. मधला आवाज सगळ्यात अवघड. शेवट या दोघांच्या मध्ये कुठेतरी, आणि मराठीत तो अंमळ फसवा. आपण 'घर' लिहितो तेव्हा र पूर्ण लिहितो, बोलताना मात्र त्याचा पाय मोडलेला असतो : घर्. 'कमळ' म्हणताना तोंडातून क-मळ् असे दोनच ठोके बाहेर पडतात. पण टाळ्या वाजवून शिकवणाऱ्या आम्ही बायका क, म, ळ अशा तीन टाळ्या वाजवतो, कारण आमच्या डोळ्यांसमोर फळा असतो. ज्यानं अजून फळा पाहिला नाही ते मूल दोन टाळ्या वाजवतं आणि त्याला आम्ही चूक म्हणतो! माझ्या वर्गात दिवाळीपर्यंत दोन टाळ्या बरोबर.

दुसरी अडचण अशी की तो मोडक्या पायाचा आवाज मुलांना सांगायचा कसा? 'कप'च्या शेवटी 'प' आहे म्हणावं तर आपल्या तोंडून 'पऽ' निघतं, त्यात अ आलाच. म्हणून सुरुवात ओढता येतील अशा आवाजांपासून करते. बस्स्स्स, ऊस्स्स्स, कापूस्स्स्स. मग म : घाम, काम, आराम. ओठ मिटून गुणगुणत राहायचं. र आणि ल पण चालतात. हे ओढायला पाच मिनिटांत जमतं आणि वर्गाला भलतीच मजा येते. त, प, क, ट यांना ओढता येत नाही, ते फट्‌दिशी फुटतात. ते कुजबुजत म्हणायचे. प, ब, म साठी हातआरसा देते. 'कप' म्हटलं की ओठ मिटलेले दिसतात, 'काक' म्हटलं तर उघडेच. बघूनही ऐकता येतं, हे मुलांना लगेच पटतं.

साधनं म्हणाल तर एक टोपली : पळी, ताट, कप, चमचा, वाटी, लसूण, शेंगदाणे, रिकामं रीळ, बांगडी. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हाही आसपास मिळेल त्याचंच साधन होत होतं. आता ५ जुलै २०२१ ला लहान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताचा पाया पक्का करण्यासाठी केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झाल्यापासून 'ध्वनी जाणीव', म्हणजे शब्दातले आवाज कानानं ओळखणं, हा शब्द प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येतो. चांगलंच आहे. पण त्याच्या मागोमाग दुकानात रंगीत कार्डांचे महागडे डबे आले, त्यांच्यात हात घालायची गरज मला अजून पडलेली नाही.

टोपलीतली वस्तू उचलायची, नाव घ्यायचं, शेवट सांगायचा. इथे एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी लागते. 'वाटी'च्या शेवटी काय? एक म्हणतो टी, दुसरी म्हणते ई. जूनमध्ये मी 'टी' घेते. पावसाळा संपता संपता विचारते, 'टीऽऽऽ' असं ओढलं की शेवटी काय राहिलं? तेव्हा ई सापडते. ही ई त्यांना खरं तर रोज ऐकू येत असते. संध्याकाळी गल्लीत कुणाचीही आई पोराला हाक मारते ती शेवटच्या स्वरावरच तर लांबवते.

आणि यमक म्हणजे शेवटचा आवाज, असा गोंधळ मुलंच काय, मोठेही करतात. बस-रस जुळतात. रस-पाऊस जुळत नाहीत, तरी दोघांच्या शेवटी स् आहे. बडबडगीतं म्हणून झाली की शेवटचा आवाज आलाच असं धरू नका, तो वेगळा शिकवावा लागतो.

आता माझ्या आवडीची युक्ती. 'वाघ'च्या शेवटी काय, विचारलं की निम्मा वर्ग 'ग' म्हणतो. बरोबरच आहे, आपण बोलताना वाग् म्हणतो. जीभ म्हणताना जीब्, दूध म्हणताना दूद्. इथे 'नीट ऐक, घ आहे घ' असं ओरडून काही होत नाही. नुसतं 'वाघ' म्हणायला लावायचं नाही, त्या वाघाला काहीतरी द्यायला लावायचं : 'वाघाला मटण दे.' आता ऐक. वाघाऽला. घ आपोआप बाहेर येतो. जिभेवर साखर, दुधात साय. 'पाट' आणि 'पाठ' यांत घोळ झाला तर एकाला पाटावर बसवायचं आणि दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारायची. मराठीच्या विभक्तीनं हा शिक्षक फुकट दिलाय. पुढे शुद्धलेखनातही तो कामाला येतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांत फूल, मूल, वकील यांतला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ लिहायला सांगितलाय, आणि फुलं, मुलं म्हटलं की तो ऱ्हस्व होतो. दुसरी-तिसरीत पोरं हा नियम पाठ करून विसरतात. 'फूल'चा शेवट बंद आणि 'फुलं'चा उघडा, हे ज्याला कानानं कळतं त्याला तो नियम लक्षात ठेवणं सोपं जातं.

शेवट ऐकणं मुलांना मुळातच येतं, याचा पुरावा हवा असेल तर माझा बाहुल्यांचा खेळ बघा. पडद्यामागे कुत्रा, शेळी आणि वासरू. मी फक्त म्हणते, 'आली!' आणि पोरं ओरडतात, शेळी! 'आलं!' म्हटलं की वासरू. एका स्वरावर पुरती ओळख पटते. मराठी घरातली मुलं यात सहसा चुकत नाहीत. म्हणजे कान तिथे आधीपासून लागलेलाच आहे; तो तिथे लागलाय हे त्यांचं त्यांना कळलं की झालं.

मराठी घरातली असं मुद्दाम म्हटलं, कारण मिरजेत कर्नाटकची हद्द जवळ आणि माझ्या वर्गात कन्नड बोलणारी घरंही असतात. कन्नडमध्ये सगळी जनावरं नपुंसकलिंगी, त्यामुळे ती मुलं 'कुत्रा आलं' म्हणतात. शिवाय कन्नड शब्द बहुतेक स्वरातच संपतो. बाहेरून आलेल्या शब्दालाही ते शेवटी उ लावतात : बस्सु, पेन्नु, कप्पु. गेल्या वर्षी एक मुलगा 'बस'च्या शेवटी उ आहे म्हणून हटूनच बसला. बाकीचे हसले. मी त्याला विचारलं, घरी काय म्हणतोस? बस्सु. शेवटी? उ. आणि इथे बाई काय म्हणतात? बस. शेवटी? स्. एकाच गाडीचे दोन शेवट ऐकू येणारा तो वर्गातला एकटाच होता, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर तो प्रत्येक वस्तूचे दोन शेवट सांगायला लागला, तेही नको इतके.

टोपली जमली की आगगाडी. आपल्या भेंड्याच, फक्त गाण्यांऐवजी शब्द. कप, पतंग, गवत, ताट, टोपली, लसूण... आणि गाडी थांबली. ण नं सुरू होणारा शब्द आणायचा कुठून? ळ चंही तेच. मराठीत या दोघांना शब्दाच्या दारात जागाच नाही, ते आतच बसतात. मोठ्यांच्या भेंड्यांत ळ आला की ल घेऊन पुढे जातात; माझ्या वर्गात मी तसं करू देत नाही, कारण वेळ-वेल, काळ-काल, माळ-माल यातला फरक ऐकणं हेच तर शिकायचंय. गाडी थांबते म्हणजे थांबते. हे कळल्यावर दोन टग्यांनी उच्छाद मांडला. त्यांच्याकडे काहीही आलं तरी ते शोधून शोधून फळ, बाण, कमळ, पण असलेच शब्द आणायचे आणि इंजिनाला ब्रेक लावल्याचा आवाज काढायचे. मला मनातून आनंदच होत होता. शब्द तोंडातून काढायच्या आधी त्याचा शेवट तपासणं याहून वेगळं मी काय शिकवणार होते?

त्यांची खोड मोडली ती एका जैन घरातल्या चष्मेवाल्या मुलीनं. समोरून 'बाण' आला आणि ती शांतपणे म्हणाली, 'णमोकार.' आमच्या भागात जैन वस्ती बरीच, तो मंत्र तिच्या घरात रोज म्हटला जातो. गाडी धडधडत र वर गेली. टग्यांनी तक्रार केली की हा शब्दच नाही. मी मान्य केला. ळ वर मात्र अजून कुणी तोडगा काढलेला नाही.

जोडाक्षराचं घोडं अजून अडलंय. 'चंद्र'च्या शेवटी काय? मी र म्हणणार होते, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, अ. तोंडात म्हणून बघा : चंद्र, सूर्य, पत्र. घर्-सारखा पाय इथे मोडत नाही, शेवटचा अ चांगला ऐकू येतो. मग पुढच्यानं र घ्यायचा की अ? तूर्त दोन्ही चालतात. परवा 'चंद्र' आल्यावर एकानं रताळं म्हटलं, दुसऱ्यानं अननस, आणि आगगाडीचे दोन तुकडे होऊन दोन्ही सुटले.