सात मुलं आणि रोजची वीस मिनिटं

पाचवीतली सात मुलं माझ्याकडे आली तेव्हा सगळ्यांच्या नावापुढे एकच शेरा होता: 'वाचनात मागे'. रोज शेवटच्या तासाची वीस मिनिटं मला त्यांच्यासाठी मिळाली होती.

पहिला महिना मी वाया घालवला. सगळ्यांना एकच धडा, एकेकाने उभं राहून मोठ्याने वाचायचा. मुलं आपली पाळी कोणत्या ओळीला येणार ते मोजून तेवढंच पाठ करून ठेवत. एका मुलाने बोट भलत्याच ओळीवर ठेवून वाक्य बिनचूक म्हटलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग प्रकट वाचन थांबवलं आणि एकेकाला शेजारी बसवून ऐकायला लागले. पाठांतराला वाव नको म्हणून अर्थ नसलेले शब्द लिहून दिले: 'तिरबे', 'गोलसा', 'तर्बूल'. चार मुलं अक्षरांवरच अडत होती, आणि अडायच्या जागाही ठरलेल्या होत्या. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, पण तिचा उच्चार नंतर होतो. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा त्या अक्षराच्या आधी. 'पर्वत'चं 'पवर्त' होत होतं ते दुर्लक्षामुळे नव्हे. डोळ्यांना जो क्रम दिसतो त्याच क्रमाने मूल प्रामाणिकपणे वाचत होतं! इतकी वर्षं मी अशा मुलांना 'नीट बघून वाच' म्हणत आले, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी पुस्तक मिटून शब्द म्हणायचा, त्याचे तुकडे टाळ्यांवर पाडायचे: पर्-वत. 'र' कितव्या टाळीत ऐकू आला? पहिल्या. मग तो लिहिलाय कुठे? असं शोधत शोधत जायचं. एकट्या 'र'ला तीन आठवडे दिले, कारण 'सूर्य', 'ग्रह', 'राष्ट्र', 'दऱ्या' या प्रत्येक शब्दात त्याचं रूप वेगळं. घाई केली असती तर पुढचं सगळं डळमळीतच राहिलं असतं.

अक्षरं बसल्यावर वेगाकडे वळले. सॅम्युएल्स या संशोधकाने १९७९ साली मांडलेली पुनर्वाचनाची पद्धत वापरली: लहानसा उतारा, तोच चार वेळा. पहिल्या वाचनाची आणि चौथ्या वाचनाची वेळ मुलं स्वतःच वहीत टिपत. तुलना फक्त स्वतःशी, शेजाऱ्याशी नाही. चौघांपैकी तिघं हळूहळू मोकळेपणाने वाचू लागली. चौथ्याची मेहनत कमी नव्हती, तरी गाडी पुढे सरकेना. पालकांशी बोलून त्याची डोळ्यांची आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करायला सुचवलं. हे मी महिनाभर आधी करायला हवं होतं.

दोघांची अडचण अगदी वेगळी होती. ती भराभर वाचत, पण काय वाचलं ते सांगता येत नसे. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली वाचनाची मांडणी गुणाकारासारखी केली होती: लिखित शब्द ओळखता येणं गुणिले भाषा ऐकून समजणं. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्य. या दोघांना आणखी वाचायला लावून काही साधणार नव्हतं. त्यांना मी गोष्टी वाचून दाखवल्या, मध्येच थांबून 'आता काय होईल?' विचारलं, आणि नवे शब्द त्यांच्या बोलण्यात येईपर्यंत पुन्हा पुन्हा वापरले.

सातवी मुलगी. तिला वाचता येत होतं, समजतही होतं, पण ती बोलतच नसे. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, असं मेरी बड रो या संशोधिकेला १९७०च्या दशकात आढळलं होतं. मी मनात आकडे मोजायला लागले. तीन सेकंद वर्गात किती लांब वाटतात! बाकीची मुलं चुळबुळ करत, मला स्वतःलाच उत्तर सांगून टाकावंसं वाटे. तिला तर तीनही पुरत नसत. मी पाच, कधी सातपर्यंत जाई.

एकदा विहिरीत पडलेल्या कोल्ह्याची आणि बकरीची गोष्ट चालली होती. कोल्हा तिला आत का बोलावतो, असं मी विचारलं आणि सवयीने चारलाच तोंड उघडलं.

"बाई, थांबा ना," ती म्हणाली, "मी सांगतेय."

आणि तिने सांगितलं. सलग पाच वाक्यांत.