लस नेमकी कुठे अडते?

डिसेंबर २०२० संपता संपता अमेरिकेत कोविडच्या लशीवरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी दोन आकडे होते. वर्षअखेरीपर्यंत दोन कोटी लोकांना लस टोचू, असं सरकार आधीपासून सांगत होतं. ३० डिसेंबरला हिशोब लागला तेव्हा सुमारे सव्वा कोटी डोस राज्यांकडे पोहोचले होते, आणि त्यातले दंडात गेले होते जेमतेम अठ्ठावीस लाख. एक गट ओरडत होता की लस कमी आली. दुसरा म्हणत होता, आली तेवढी तरी टोचा. दोघांचंही बरोबर होतं, पण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत नव्हते. पहिल्या तक्रारीचं उत्तर कारखान्यात शोधावं लागतं, दुसरीचं शेवटच्या टेबलापाशी. ‘मोहिमेचा वेग’ म्हटलं की ही दोन टोकं एकाच आकड्यात कोंबली जातात आणि मग चर्चा नुसती गोल फिरत राहते.

कुठल्याही देशाची मोहीम रेंगाळली की मी आधी एकच पाहतो: साठा आज कुठे साचलाय? पाणी जिथे तुंबतं, त्याच्या लगेच पुढे बोळा असतो. प्रादेशिक शीतगृहं भरलेली आणि केंद्रांवर ‘लस संपली’ची पाटी असेल, तर गाड्या, वाटपाचे आदेश, कागदपत्रं तपासा. केंद्राचा फ्रीज भरलेला आणि बाहेर रांग असेल, तर माणसं किंवा टेबलं कमी आहेत. फ्रीजही भरलेला आणि बाकंही रिकामी असतील, तर लोक का येत नाहीत ते विचारा. आणि सगळंच कोरडं असेल तर कारखाना. अडचण अशी की हा बोळा एका जागी राहत नाही. साधारणपणे सुरुवातीला तो कारखान्यात असतो, मग केंद्रावर येतो आणि शेवटी घराच्या उंबऱ्यावर. वाद मात्र बऱ्याचदा आधीच्या महिन्यातल्या बोळ्यावरच चाललेला असतो.

कारखान्याचं थोडक्यात सांगतो. ‘महिन्याला इतके कोटी डोसची क्षमता’ हे वाक्य पत्रकार परिषदेतलं. केंद्रावर येतो तो तपासून सोडलेला डोस. निर्जंतुकतेच्या चाचणीत नमुना १४ दिवस उबवून ठेवावा लागतो. तिथे तीन पाळ्या लावून काही उपयोग नाही, जंतू वाढायचे तर आपल्या वेळेनेच वाढतात. शिवाय पेशींपासून बनणाऱ्या लशीत एकाच आकाराच्या टाकीतून कधी जास्त माल निघतो, कधी कमी. जानेवारी २०२१ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाने युरोपीय संघाला कळवलं की बेल्जियममधल्या कारखान्यात उतारा कमी पडल्यामुळे ठरलेले डोस देता येणार नाहीत. एप्रिलमध्ये प्रकरण कोर्टात गेलं. पण कोर्टाच्या आदेशाने टाकीतला उतारा वाढत नाही. या टप्प्यावर सरकारच्या हातात असतं ते महिनोन्‌महिने आधी करायचं काम: आगाऊ मागणी, आगाऊ पैसे, एकापेक्षा जास्त पुरवठादार. ते झालं नसेल तर टीका रास्तच आहे. फक्त आज टीका केली म्हणून पुढच्या आठवड्यात डोस येणार नाहीत.

आता व्हायल, म्हणजे लशीची छोटी बाटली. वेगाचा हिशोब इथे अगदी मिलिलिटरपर्यंत उतरतो.

फायझरच्या पहिल्या स्वरूपातल्या व्हायलमध्ये ०.४५ मिलिलिटर घट्ट द्रव असायचा. तो उणे ६० अंशांखालून काढून वितळवायचा, त्यात १.८ मिलिलिटर सलाइन घालायचं, म्हणजे झाले २.२५. व्हायल हळूच दहा वेळा उलटीपालटी करायची, खळखळवायची नाही. एक डोस ०.३ मिलिलिटरचा. सहा डोस म्हणजे १.८, वर ०.४५ शिल्लक. मग सुरुवातीला लेबलवर पाचच डोस का होते? कारण दट्ट्या पूर्ण दाबला तरी सुईच्या मुळाशी आणि सिरिंजच्या टोकात थोडा द्रव अडकून राहतोच. समजा साध्या सिरिंजमध्ये ०.०८ मिलिलिटर अडकतं. मग प्रत्येक डोसला व्हायलमधून ०.३८ जातं आणि सहा डोसांना २.२८ लागतं. व्हायलमध्ये आहे २.२५. सहावा डोस अगदी थोडक्यात हुकतो! हेच कमी मृत-जागेची, म्हणजे ०.०३५ मिलिलिटरच्या आत अडकणारी सिरिंज वापरली तर सहा डोसांना २.०१ पुरतं. युरोपच्या औषध नियामकाने ८ जानेवारी २०२१ ला सहा डोसांना मान्यता दिली आणि कागदावरचा पुरवठा एका दिवसात वीस टक्क्यांनी वाढला. कागदावरचा अशासाठी की ज्यांच्याकडे तशा सिरिंज नव्हत्या, त्यांना व्हायलमागे पाचच डोस मिळत राहिले आणि हिशोबात मात्र सहा मोजले गेले. कारखान्यात एकही जादा थेंब बनला नव्हता. अशा वेळी ‘डोस मिळाले पण टोचले नाहीत’ हा आरोप केंद्रावर येतो, आणि खरी चूक सिरिंजच्या खरेदीत असते.

एका व्हायलमधला उरलेला अर्धा डोस आणि दुसरीतला अर्धा मिळून एक करायचा मोह होतो. तो करायचा नाही. एक व्हायल दूषित असेल तर ती दुसरीलाही सोबत नेते.

दहा डोसांच्या व्हायलचा पेच वेगळा. भारतात कोविशिल्डची व्हायल उघडली की चार तासांत संपवायची असा नियम होता. संध्याकाळचे साडेचार वाजलेत, बाकावर तिघं बसलेत, फ्रीजमध्ये बंद व्हायल आहे. उघडली तर सात डोस वाया जाण्याची भीती, नाही उघडली तर तिघं परत जाणार. भारताच्या मूळ नियोजनात १० टक्के नासाडी गृहीत धरली होती, म्हणजे गरजेच्या १.११ पट लस मागवायची. हे शहाणपणाचं होतं. पण नासाडीच्या टक्क्यांवरून राज्याराज्यांची क्रमवारी लागू लागली की केंद्रावरचा माणूस व्हायल उघडायला बिचकतो. नासाडीचा आकडा सुंदर होतो, आणि परत गेलेले तिघं कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत. पुरवठा अगदीच तुटपुंजा असेल तर थांबणं समजू शकतं. एरवी माझं मत स्पष्ट आहे: उघडा. आणि उघडण्याआधी सात जणांना फोन करा, त्यासाठी जवळ राहणाऱ्यांची प्रतीक्षायादी सकाळीच हाताशी असावी.

याची दुसरी बाजूही आहे. व्हायलमध्ये नाव दहा डोसांचं असलं तरी भरताना थोडं जास्तच भरतात. हात सफाईदार असेल तर अकरावा डोस निघतो. मे २०२१ च्या सुरुवातीला केरळने ७३ लाखांवर मिळालेल्या डोसांतून ७४ लाखांवर डोस टोचल्याचं जाहीर केलं, ते असं. ‘उणे नासाडी’ हा शब्द विचित्र वाटतो, पण हिशोब खरा होता.

केंद्रावर येऊ. लोकांना वाटतं की वेग सुई टोचणाऱ्याच्या हातात असतो. टोचायला काही सेकंद लागतात. माहिती विचारणं, दंड मोकळा करणं, नोंद, पुढच्याची तयारी धरून माणशी पाच मिनिटं धरा: तासाला बारा, आठ तासांत शंभराच्या आतबाहेर. भारताच्या सुरुवातीच्या नियमावलीत एका सत्राला शंभर जण का धरले होते, ते यावरून कळतं. आता सहा जण टोचायला बसवले तर तासाला ७२ माणसं. समजा प्रत्येकाला नंतर १५ मिनिटं बसवायचं, तर निरीक्षण कक्षात कोणत्याही क्षणी १८ जण असणार. अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेल्यांना ३० मिनिटं, त्यांच्यासाठी जादा खुर्च्या. १२ खुर्च्या ठेवल्या तर तासाला ४८ च्या वर कुणी आत जाऊ शकत नाही, सुईवाले कितीही चपळ असोत. नोंदणीला माणशी चार मिनिटं लागत असतील तर एका टेबलावर तासाला १५ जण, ७२ साठी पाच टेबलं हवीत. पाचपैकी एका टेबलाचं इंटरनेट गेलं की केंद्राचा वेग ६० वर येतो. १६ जानेवारी २०२१ ला भारतात मोहीम सुरू झाली आणि लगेच महाराष्ट्राला को-विन या सरकारी नोंदणी-प्रणालीतल्या तांत्रिक अडचणींमुळे दोन दिवस लसीकरण थांबवावं लागलं. लस होती, नर्स होत्या, यादी उघडत नव्हती. कागदी नोंदीची पर्यायी वही पहिल्या दिवसापासून टेबलावर असावी, ती यासाठी.

‘आधी कोणाला’ हा नियम जितका बारीक, तितकी रांग हळू. फ्रान्समध्ये २७ डिसेंबर २०२० ला सुरुवात झाली आणि पहिल्या आठवड्यात टोचले गेले पाचशेच्या आसपास लोक. वृद्धाश्रमांपासून सुरुवात करायची, आधी डॉक्टरांनी भेटायचं, संमती घ्यायची, मग काही दिवसांनी सुई, अशी पद्धत होती. हेतू चांगला होता, पण संमतीचं काम लस यायच्या आधीच्या आठवड्यांतही उरकता आलं असतं. इस्राएलने उलट केलं. ज्येष्ठांना प्राधान्य दिलं, पण दिवसअखेर उरलेले डोस समोर असेल त्याला दिले. फायझरच्या मोठ्या खोक्यांची थंडी सांभाळत छोटी पाकिटं करून दूरच्या केंद्रांना पाठवली. लहान देश, प्रत्येक नागरिक चारपैकी एका आरोग्यनिधीचा (उपचारांची सोय पाहणाऱ्या संस्थेचा) सभासद, नोंदी आधीच संगणकावर. ‘त्यांना जमलं, आपल्याला का नाही’ म्हणणाऱ्यांनी नोंदींचा मुद्दा विसरू नये. छोटी पाकिटं मात्र कोणालाही करता येतात.

सर्वात तापलेला वाद दोन डोसांमधल्या अंतराचा. ब्रिटनने ३० डिसेंबर २०२० ला अंतर १२ आठवड्यांपर्यंत वाढवलं. भारताने १३ मे २०२१ ला कोविशिल्डसाठी १२ ते १६ आठवडे केलं. वैद्यकीय बाजू क्षणभर बाजूला ठेवून नुसता हिशोब पाहा. पाच कोटी माणसं, दिवसाला दहा लाख डोस, एकही कमीजास्त नाही. अंतर २१ दिवसांचं असेल तर पहिले २१ दिवस सगळे पहिले डोस, पुढचे २१ दिवस सगळे दुसरे. त्या दुसऱ्या तीन आठवड्यांत एकाही नव्या माणसाला लस मिळत नाही आणि बातमी येते, ‘मोहीम ठप्प’. प्रत्यक्षात रोज दहा लाखच टोचले जातायत. ४२ व्या दिवशी २ कोटी १० लाख लोकांचे दोन्ही डोस झालेले, बाकीचे पूर्ण उघडे. अंतर ८४ दिवस केलं तर त्याच ४२ व्या दिवशी ४ कोटी २० लाख लोकांना एकेक डोस, दोन्ही झालेला एकही नाही. ५० व्या दिवशी पहिला डोस सगळ्यांना. मग ८४ व्या दिवसापर्यंत टेबलं रिकामी, आणि सगळ्यांचे दोन्ही डोस व्हायला १३४ वा दिवस उजाडतो. २१ दिवसांच्या अंतराने हेच काम ११३ व्या दिवशी होतं. म्हणजे एकाच निर्णयाने मोहीम वेगवानही होते आणि लांबतेही, कोणता आकडा धरता त्यावर. लाट अंगावर आलेली असेल आणि एका डोसाने बऱ्यापैकी संरक्षण मिळत असेल तर मी लांब अंतर निवडेन. विषाणूचा नवा प्रकार एका डोसाला दाद देत नसेल तर उलट. दुसऱ्या डोससाठी निम्मा साठा शीतगृहात कुलूपबंद ठेवणं मात्र मला तेव्हाही पटलं नाही. पुढची खेप खात्रीची असेल तर एवढा राखीव कशाला?

रोजच्या आकड्याचं काय करायचं? सात दिवसांची सरासरी काढायची, बस. रविवारी केंद्रं बंद असतात, सोमवारी मागच्या नोंदी चढतात. भारतात १७ सप्टेंबर २०२१ ला एका दिवसात अडीच कोटींवर डोस नोंदले गेले. तो विक्रम होता, वेग नव्हता. वेग पाहायचा तर आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा त्याच्यासोबत मोजा. आणि टक्केवारी पाहताना भागाकारात खाली कोणती लोकसंख्या आहे ते विचारा. जुन्या जनगणनेवरून काढलेल्या अंदाजामुळे एखाद्या गावात १०३ टक्के लसीकरण झालेलं दिसतं, आणि तिथेच दोन गल्ल्या सुटलेल्या असतात.

शेवटच्या टप्प्यात आकडा घसरतोच. ज्यांना यायचं होतं ते येऊन गेलेले असतात. उरतात ते अंथरुणाला खिळलेले, रोजंदारी बुडवू न शकणारे, घाबरलेले, कागदपत्रं नसलेले. इथे आणखी मोठं केंद्र उघडणं म्हणजे नळ बंद असताना बादल्या वाढवणं. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘हर घर दस्तक’ सुरू केलं, त्याचं कारण हेच. पण घरोघरीची गणितं वेगळी. लस लहान व्हॅक्सिन कॅरियरमधून, म्हणजे हातात धरून नेता येणाऱ्या थंड डब्यातून न्यायची, त्यात चार बर्फाच्या पिशव्या. त्या फ्रीजरमधून काढून थेट आत ठेवायच्या नाहीत, नाहीतर कडेची व्हायल गोठते, आणि गोठलेली कोविशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन फेकावी लागते. पिशवी बाहेर ठेवून हलवायची, आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मगच भरायची. आणि पहिल्या घरी व्हायल उघडली की घड्याळ सुरू: उरलेले नऊ जण पुढच्या चार तासांत चालत गाठता येतील असे हवेत. म्हणून यादी वयाने किंवा आडनावाने लावून चालत नाही, वाटेने लावावी लागते. अशा दोन व्हायल संपल्या की त्या पथकाचा दिवस संपतो. तक्त्यात वीस डोस पडतात, महिन्यापूर्वी याच पथकाचे शंभर पडायचे.