सेम्पायला वर्ग द्यायचा होता, अडलं एका रकान्यावर

ब्राऊन बेल्टपर्यंत आलेल्या मुलांनी लहानांना शिकवायला हातभार लावायचा, ही कराटेतली जुनी रीत. शाळेच्या सभागृहात आम्हाला तेच सुरू करायचं होतं: आठवड्यातून २ दिवस, २४ मुलं, १४-१५ वर्षांचे ३ सेम्पाय, म्हणजे लहानांना शिकवणारे वरचे विद्यार्थी. त्यांची तयारी महिन्याभरात झाली. परवानगीला ११ आठवडे लागले.

अर्जात रकाना होता, ‘प्रशिक्षकाचे नाव, वय, पात्रता’. माझ्या नावाखाली मी तिघांची नावं लिहिली, तिथेच चुकलं. ३ आठवड्यांनी अर्ज परत, शेरा ‘प्रशिक्षक अल्पवयीन’. दुसऱ्या खेपेला नावांपुढे ‘सहाय्यक’ जोडलं, तर तिघांचा पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. शाळकरी मुलांचा! खिडकीवर विचारलं की ‘नियम सगळ्यांना सारखा’. सही करणारे साहेब सोमवारी भेटतात म्हणून सोमवारी जावं, तर मीटिंग. राग अजून गेलेला नाही. त्यांची पहिली हरकत रास्त होती. मग लिहायचं काय, हे मात्र कुणीच सांगेना. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण बालक. लहानांचा दादा किंवा ताई झालेला सेम्पायसुद्धा. वर्गाची जबाबदारी त्याच्या नावावर लिहून देणारा कागद शाळेने घेऊच नये.

तिसरा अर्ज असा केला. प्रशिक्षकाच्या रकान्यात फक्त प्रौढांची नावं, तीही २, म्हणजे एक जण आजारी पडला तरी वर्ग बुडत नाही. दाखले आम्हा दोघांचेच. तिघं विद्यार्थ्यांच्या यादीत, नावापुढे ‘गटप्रमुख विद्यार्थी’. हा शब्द शाळेच्या ओळखीचा आहे. वेगळ्या पानावर त्यांची कामं: रांग लावणं, मोजणी देणं, करून दाखवणं. त्याखाली काय करायचं नाही तेही: शिक्षा देणं, कुमिते (दोघांची लढत) लावणं, एखाद्या मुलाला एकट्याने बाहेर नेणं. सोबत तिघांच्या पालकांची संमतीपत्रं, आणि ‘पूर्ण वेळ एक प्रौढ प्रशिक्षक सभागृहात हजर राहील’ हे वाक्य ठळक अक्षरांत. ५ दिवसांत मंजुरी आली.

अर्ज देताना झेरॉक्सवर आवक शिक्का आणि तारीख घ्याच. पहिल्या वेळी घेतला नव्हता, म्हणून अर्ज कुणाच्या टेबलावर आहे हेच कळत नव्हतं.

वर्गाचं सांगायचं तर एका सेम्पायकडे ८ मुलं, सलग १० मिनिटं, त्याहून जास्त नको. मोजणी नेहमी घाईची होते. शेवटच्या रांगेतल्या मुलाचा पाय थांबल्याशिवाय ‘नी’ (जपानीत दोन) म्हणायचं नाही, एवढा एकच नियम आम्ही आठवडाभर घोटून घेतला. एका वेळी एकच चूक सांगायची, आणि ती पायापासून: आधी झेनकुत्सु-दाचीतला (पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताणून उभं राहण्यातला) पुढचा गुडघा, मग कंबर, मूठ सगळ्यात शेवटी. हात लावायचा तर आधी विचारून.

हेयान शोदान हा सुरुवातीचा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) घेताना समोर एकच सेम्पाय उभा केला तर वर्ग पहिल्याच हालचालीला फुटतो. डावीकडे वळून गेदान-बाराई (हाताने खाली अडवणं) केली की मुलांसमोर भिंत येते, मग ती शेजाऱ्याचं बघतात आणि शेजारीही चुकलेला असतो. म्हणून एक सेम्पाय समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुढे ३ ओई-झुकी (पाऊल टाकून मारलेले ठोसे) मागच्या दिशेला जातात, त्यासाठी मी मागे. वर्गाचं तोंड ज्या दिशेला, त्याच दिशेला तोंड करून सगळ्यांनी काता करायचा. मुलांकडे तोंड केलं की त्यांचा डावा-उजवा उलटतो.

मुलं किकपेक्षा वागणूक लवकर उचलतात. सेम्पाय ५ मिनिटं उशिरा आला की पुढच्या आठवड्यात ४ मुलं उशिरा येतात. त्यामुळे त्याने १० मिनिटं आधी यायचं आणि फरशी स्वतः झाडायची. उंच मावाशी-गेरी (बाजूने गोल फिरवून मारलेली किक) दाखवायचा मोह होतो, तो थांबवा. टेकलेला पाय न वळवता मुलं नक्कल करतात आणि गुडघा दुखावतो. चूक झाली की पुशअप काढायला लावणं तर पहिल्याच दिवशी बंद करा.

आमची परवानगी शैक्षणिक वर्षापुरती आहे, म्हणून जूनसाठी अर्ज एप्रिलमध्येच, सुट्टी लागायच्या आत देतो. मधेच कुणी १८ चा झाला तर त्याचं नाव गटप्रमुखांच्या पानावरून वरच्या रकान्यात जातं, आणि मग दाखला त्याचाही लागतो.