मंगळवार चुकला

मॉरिशसची संसद एरवी मंगळवारी भरते आणि मी राजधानीत, पोर्ट लुईला, पोचले बुधवारी. चूक माझीच. मंगळवार मी शामारेलच्या सप्तरंगी मातीपाशी घालवला, बसभर लोकांच्या डोक्यांवरून फोटो काढत. ती माती फोटोतच जास्त रंगीत दिसते, हे आपलं माझं मत.

प्लास दार्म चौकातल्या ताडांखालून चालत, संसद जिथं भरते त्या गव्हर्नमेंट हाऊसच्या फाटकाशी गेले. फाटक बंद. समोर राणी व्हिक्टोरियाचा पुतळा. देश १९६८ साली स्वतंत्र झाला, १९९२ साली प्रजासत्ताक झाला, राणी आहे तिथंच. कोपऱ्यावर दालपुरी घेतली. नावावरून मी पुरणपोळीच्या आशेनं तोंड गोड करायला निघाले होते. हातात आली ती वाटाण्याच्या रश्शात भिजलेली तिखट जोडी. कागदातून रस्सा थेट चपलेवर.

संध्याकाळी व्हाक्वाला परतले. तिथं ज्या मराठी घरात उतरले होते, त्या घरच्या आजींना हसू आवरेना. "काल सगळं टीव्हीवर होतं, बेटी! मी बघत बसले होते." त्यांचं मराठी म्हणजे आरत्या आणि चार वाक्यं, बाकी संभाषण हिंदी-इंग्रजीत, आणि राग आला की क्रिओल, तिथली बोली. घटनेनुसार सभागृहाची भाषा इंग्रजी, फ्रेंचला मुभा.

भाजी निवडता निवडता त्यांनी मला संसद शिकवली. बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकी तीन जागा. रॉड्रिग्ज बेटाच्या दोन. एकूण ६२. मतदारानं तीन फुल्या मारायच्या, दोन मारल्या तर मत बाद. "आणि २०२४ च्या निवडणुकीत?" मी विचारलं. त्यांनी शेंगांचा ढीग एका बाजूला सारला. "बेटावरच्या ६० च्या ६० एकाच आघाडीला." असं १९८२ आणि १९९५ लाही झालं होतं म्हणे.

मग विरोधात बसतं कोण? हरलेले! बेस्ट लूजर नावाची सोय आहे. ज्या समाजाचे लोक कमी निवडून आले, त्यातल्या चांगली मतं मिळवून पडलेल्यांना जागा द्यायची, जास्तीत जास्त आठ. २०२४ ला चार दिल्या. त्यातल्या दोन हरलेल्या आघाडीला, आणि विरोधी पक्षनेताही त्यातूनच आला. मला ही युक्ती आधी फार आवडली. आपल्याकडे पडलेल्याला कोण विचारतं!

मग आजींनी रकाने सांगितले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि उरलेले सगळे जनरल पॉप्युलेशन. हिशोब १९७२ च्या जनगणनेवर, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारलाच नाही. तेव्हाची मुलं आता आजोबा झाली असतील आणि जागा त्यांच्या लहानपणच्या आकड्यांवर ठरतात. हे काही मला पचलं नाही.

"आणि मराठी?" मी विचारलं.

आजींनी निवडलेल्या शेंगांतली एक उचलली आणि पुन्हा ढिगात टाकली. "हिंदूंमध्ये." या बाईंच्या घरात गणपती बसतो, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, त्यांचे पूर्वज कुठून आले हे मला दोन दिवसांत तीनदा ऐकवून झालेलं.

"तू कोण?"

"मी पुण्याची," मी म्हणाले.

"मग जनरल पॉप्युलेशन," आजी म्हणाल्या, आणि शेंगांची परात माझ्याकडे सरकवली.